कठडा आणि ब्रेक
(शास्त्रभाग : अनुवाद २२:८, २ राजे, अध्याय १२)



नवीन घर बांधणाऱ्याला मोशेच्या नियमशास्त्रात एक साधी आज्ञा आहे : धाब्याला कठडा कर. कारणही तेथेच दिले आहे. वरून कोणी पडला तर त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल. त्या देशात धाबे म्हणजे बसण्याउठण्याची, वाळवण घालण्याची, उन्हाळ्यात निजण्याची जागा. घरधन्याला आपल्या धाब्याची कड अंधारातही पाठ असते. पडतो तो पाहुणा, पडते ते शेजाऱ्याचे लेकरू. म्हणजे कठड्याचा खर्च एकाचा आणि त्याचा उपयोग बहुतेक दुसऱ्याचा! कठडा न केल्याने वाचणारा पैसा मात्र घरधन्याच्याच पिशवीत राहतो.

या आज्ञेची आठवण आम्हांला बेळगावातील एका मोटार गॅरेजात झाली. शब्बाथशाळेची मुले घेऊन मंडळीची गाडी चोर्ला घाटाने गोव्याला जावयाची होती. महिनाभर ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून किंचाळल्यासारखा आवाज येई. "जुनी गाडी आहे, ओरडायचीच," असे म्हणून आम्ही तिकडे कानाडोळा केला होता. मिस्त्रींनी चाक उतरवले आणि सांगितले की, ब्रेक पॅडला लावलेली पत्र्याची बारीक पट्टी असते. पॅड झिजत आला की ती डिस्कला घासून ओरडते. ती ओरडावी म्हणूनच तेथे लावलेली असते.

गाडीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम. पुढच्या डाव्या चाकाचा आतला पॅड जेमतेम २ मिलिमीटर उरला होता, बाहेरचा मात्र ६. उजवीकडचे दोन्ही अर्ध्याहून अधिक शिल्लक. आमचे खजिनदारसाहेब लगेच म्हणाले, "मग तो एकच पॅड बदला. बाकीचे चांगले आहेत." त्यांना आम्ही कंजूष म्हणणार नाही. दानपेटीतील नोट कोणाच्या धुण्याभांड्यांच्या कमाईतून आली हे त्यांना ठाऊक असते, आणि मंडळीच्या पैशाला जपणारा माणूस लाभणे हे देवाचे दान आहे. परंतु मिस्त्रींनी मान हलवली. "असं चालत नाही साहेब. दोन्ही चाकांचे पॅड एकदमच घालायचे. एक बाजू धरली आणि दुसरी कमी धरली, तर गाडी ओढ खाते. घाटात कुठं ओढेल?"

पण हेच मिस्त्री पुढच्या क्षणी आमचे पैसे वाचवू लागले! डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. त्यांनी मायक्रोमीटर लावून चार-पाच ठिकाणी जाडी मोजली, ती भरली. डिस्क वाकडी फिरत नाही हेही पाहिले. "ही ठेवा." कॅलिपरही ठेवला; फक्त आतले रबर नवे. मागच्या ड्रमचा आतला व्यास मोजला, तोही मर्यादेत. ठेवा. वाटले म्हणून ठेवले नाही, महाग म्हणूनही ठेवले नाही. मोजले, मग ठेवले.

आता तो आतला पॅडच एवढा का झिजला? कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यांतील एक गंजून जाम झाली होती. कॅलिपर सरकेना, म्हणून दोन पॅडांचा भार एकावर. पिन मोडलेली नव्हती, झिजलेलीही नव्हती. घासून साफ करून योग्य ते ग्रीस लावल्यावर ती पुन्हा बोटाने सरकू लागली. ती तशीच ठेवून नवे पॅड घातले असते, तर काही महिन्यांत नवाही तसाच झिजला असता.

वाचकहो, येथे आम्ही थोडे थांबलो. आमच्या शब्बाथशाळेत गेल्या काही वर्षांत तीन अधीक्षक बदलले. प्रत्येक जण उत्साहाने आला आणि थकून गेला, आणि प्रत्येक वेळी आम्ही "माणूस टिकत नाही" म्हणून नवा शोधला. ज्यांनी थोडे सरकून भार घ्यावयाचा ते आम्ही वडीलमंडळ जागचे हललो होतो काय? हा प्रश्न आम्हांला त्या गंजलेल्या पिनेने विचारला. उत्तर लिहिण्याची गरज नाही.

योवाश राजाच्या काळी मंदिराला भेगा पडल्या होत्या. दुरुस्तीसाठी पैसा घ्यावा असे याजकांना सांगितलेले होते, तरी त्याच्या कारकिर्दीच्या २३ व्या वर्षापर्यंत भेगा तशाच. शेवटी यहोयादा याजकाने पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली, आणि जमलेला पैसा सरळ सुतार, गवंडी, पाथरवट यांच्या हाती गेला. त्यांनी मंदिर पाडले नाही. लाकूड आणि घडीव दगड नवे आणले, भिंती त्याच राखल्या. त्या कामगारांकडे कोणी हिशेब मागितला नाही, इतके ते प्रामाणिक होते.

मागच्या डाव्या चाकाशी मात्र खरा वाद झाला. तेथील ब्रेक शूंवर लायनिंग भरपूर जाड होते. पण चाकाच्या सिलिंडरमधून ब्रेक ऑइल पाझरून ते भिजलेले. खजिनदारसाहेब आमच्याकडे पाहू लागले. जाडी तर आहे! पेट्रोलने धुऊन का घालू नये?

आम्हांला उत्तर देता आले, ते शहाणपणाने नव्हे. अनेक वर्षांपूर्वी आमच्या स्वतःच्या गाडीला आम्ही हेच केले होते. धुतलेले लायनिंग वरून कोरडे दिसते. आत मुरलेले तेल तापल्यावर पुन्हा वर येते. पावसाळ्यात एका उताराच्या पायथ्याशी गाडी थांबता थांबेना आणि पेरूच्या हातगाडीला जाऊन भिडली. माणसाला लागले नाही, ही देवाची दया. तो पेरूवाला आम्हांला एक शब्दही बोलला नाही. चिखलातून एकेक पेरू वेचून धोतराला पुसत राहिला. भरपाई आम्ही दिली. पण त्या दिवशी आम्ही किती रुपये वाचवले होते हे आज आठवतही नाही, आणि ते पेरू आठवतात.

खजिनदारसाहेबांनी मग दोन्ही मागच्या चाकांच्या लायनिंगला आणि पाझरणाऱ्या सिलिंडरच्या बदलीला मान्यता दिली. शूंचे लोखंडी सांगाडे सरळ होते. ते घासून, जवळच्याच कारागिराकडून त्यांवर नवे लायनिंग चढवून घेतले. ढिल्या पडलेल्या स्प्रिंगा नव्या. ब्रेक ऑइल तर सगळेच नवे. हे तेल हवेतील ओलावा शोषते. साधे, डॉट ३ प्रतीचे नवे तेल २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा नियम आहे. ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत खाली येते. उतारावर सतत ब्रेक दाबून ते तापले आणि तेल उकळले, की नळीत वाफ होते आणि पेडल पायाखाली तळाला जाते. नवे ब्रेक असले तरी घाट खालच्याच गिअरमध्ये उतरावयाचा, असेही मिस्त्रींनी आमच्या ड्रायव्हरला बजावले.

संध्याकाळी एअर काढून झाली, रिकाम्या रस्त्यावर पुनःपुन्हा ब्रेक मारून नवे पॅड डिस्कला बसवून झाले. काढलेले सामान एका पोत्यात भरून मिस्त्रींनी आमच्यापुढे ठेवले आणि बदललेला एकेक भाग दाखवला. एक झिजलेला पॅड आम्ही शब्बाथशाळेसाठी मागून घेतला. बाकीचे भंगारात घालण्यापूर्वी त्यांनी ते तेलकट, जाड लायनिंग दगडावर ठेवले आणि हातोड्याने त्याचे तुकडे केले.

"भंगारातून उचलून कोणीतरी धुऊन घालतं हो," ते म्हणाले.