सांगणाऱ्याच्या पाठीशी कोण?

तामिळनाडूच्या तिरुनेलवेली जिल्ह्यात नांगुनेरी नावाचं गाव आहे. तिथला बारावीत शिकणारा एक दलित मुलगा 2023 च्या ऑगस्टमध्ये शाळेत जाईनासा झाला. शाळेने चौकशी केली, तेव्हा कळलं की जातीवरून शाळेतलीच काही मुलं त्याला छळत होती. त्याने तक्रार दिली. मग एका रात्री ती पोरं कोयते घेऊन त्याच्या घरात शिरली. भावाला वाचवायला मधे पडलेली बहीणही जखमी झाली.

शाळेने विचारलं, मुलाने सांगितलं. दोघांनी करायला हवं तेच केलं. पण सांगणाऱ्याच्या पाठीशी त्या रात्री कोणी नव्हतं. गावात तक्रार गुप्त राहत नाही. दुपारी हेडमास्तरांच्या खोलीत कोण गेलं, हे संध्याकाळी पारावर माहीत असतं. त्याचं घर कुठल्या आळीत आहे, हे तर आधीपासूनच माहीत असतं.

शहरात निदान शाळा बदलता येते. आपल्याकडच्या कितीतरी गावांत सातवीनंतर एसटीने शेजारच्या मोठ्या गावाला जायचं, तिथे एकच हायस्कूल. मारणारा आणि मार खाणारा एकाच बसमध्ये, एकाच स्टॉपवर. शेवटी मार खाणाराच घरी बसतो. काही दिवसांनी तो कुठल्यातरी गॅरेजमध्ये दिसतो. मुलीच्या बाबतीत 'वाटेवर त्रास आहे' एवढं कारण पुरतं आणि स्थळं बघायला सुरुवात होते. हजेरीपटावर मात्र शेरा एवढाच: सतत गैरहजर. मारणाऱ्याच्या नावापुढे कसलाच शेरा नसतो.

नांगुनेरीनंतर तिथल्या सरकारने निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांची समिती नेमली. जात दाखवणारे मनगटावरचे रंगीत दोरे शाळेत नकोत, ही 2024 च्या अहवालातली एक सूचना. कुणाला ही गोष्ट किरकोळ वाटेल. मला नाही वाटत. डबा कुणाबरोबर खायचा हे दोऱ्याच्या रंगावरून ठरायला लागलं की पुढचं सगळं ठरल्यासारखंच असतं.

नांगुनेरीचा तो मुलगा 2024 मध्ये 600 पैकी 469 गुण मिळवून बारावी पास झाला. त्याचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण सगळ्याच पोरांकडून एवढ्या जिद्दीची अपेक्षा धरणं हा निव्वळ निर्दयपणा आहे.

शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात किमान पाऊण हिस्सा पालकांचा. पण तिच्या बैठका बहुतेक पोषण आहार, गणवेश आणि गळक्या छपरातच संपतात. आपल्यापैकी कुणी त्या समितीवर असेल, तर पुढच्या बैठकीत एक विषय जरूर घ्या: उद्या एखाद्या पोराने तोंड उघडलं, तर त्याला शाळेतून घरापर्यंत सोडायला आपल्यापैकी कोण जाईल? नावं तिथेच ठरवा आणि इतिवृत्तात लिहून ठेवा.