दुसरी मांडी

मूल दत्तक घेण्याला जुन्या मराठीत 'मांडीवर घेणे' म्हणत. एक पोटचा, दुसरा मांडीवरचा. होम होई, मंत्र होत, पण विधीचा गाभा साधा होता: एकाने मूल द्यायचे, दुसऱ्याने घ्यायचे. घेतले की गोत्र बदलले.

आज अनाथ मूल दत्तक घ्यायचे तर आधी केंद्र सरकारच्या 'कारा' या यंत्रणेच्या पोर्टलवर नाव नोंदवावे लागते. तिथे अर्जदार एकतर विवाहित जोडपे असते, नाहीतर एकटी व्यक्ती. पंधरा वर्षे एकत्र राहणाऱ्या, गॅसच्या नंबरापासून गृहकर्जाच्या हप्त्यापर्यंत सगळे वाटून घेतलेल्या दोन बायका मूल दत्तक घेऊ पाहतात, तेव्हा त्यांतली एक 'एकटी' होऊन अर्ज भरते. दुसरी कागदावर नसतेच. रात्री ताप आला तर उशाशी दोघी बसतात, पण कायद्याच्या लेखी मांडी एकीचीच. दोन पुरुष असतील तर आणखी एक अट आहे: बालन्याय कायद्यानुसार एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही.

दोन बाप किंवा दोन आया म्हटले की 'हे आपल्याकडचे नाही' असे म्हणायची आपल्याला सवय आहे. दत्तकाचा आपला जुना कायदा वाचताना ती सवय जरा अडखळते. धर्मशास्त्रात 'द्व्यामुष्यायण' नावाचा दत्तक पुत्र आहे. शब्द तोंडात मावत नाही, अर्थ मात्र सरळ आहे: ह्याचाही आणि त्याचाही. एकुलता एक मुलगा भावाला द्यायचा असला की दोघे ठरवत, हा आपल्या दोघांचा मुलगा. मग त्याने दोन्ही बापांना पिंड द्यायचे आणि दोन्ही घरांचा वारसा घ्यायचा. त्यामागे मालमत्ता होती, पितर होते, पुरुषांची सोय होती. त्यावरून पूर्वजांना पुरोगामित्वाचे प्रशस्तिपत्रक द्यायचा माझा विचार नाही. पण एका मुलाला कायद्याने दोन बाप असू शकतात ही कल्पना त्यांना वेडगळ वाटली नव्हती, एवढे खरे.

त्याहून विलक्षण गोष्ट आपल्या मुंबई इलाख्यातली. नवऱ्याच्या मागे विधवेला दत्तक घेता येईल का, यावर बंगाल आणि बनारसच्या परंपरा म्हणत की नवऱ्याने जिवंतपणी स्पष्ट परवानगी दिली असली तरच. नीलकंठ भट्टांचा 'व्यवहारमयूख' मानणाऱ्या आपल्या भागात अशा परवानगीची गरज नव्हती. नवऱ्याने मनाई केलेली नसली म्हणजे पुरे. आणि तिने घेतलेला मुलगा तिचा नव्हे, त्या गेलेल्या नवऱ्याचा ठरे. सरणावर जाऊन वर्षे लोटलेल्या माणसाला कायदा बाप करत होता. ज्या बापाने मुलाचे तोंडही पाहिले नाही तो चालला. रोज डबा भरून देणारी दुसरी आई आज चालत नाही.

या सगळ्यात मुलाला काय हवे, हे कोणी विचारत नव्हते. दत्तक असे घराण्यासाठी. पिंडाला हात हवा, गादीला नाव हवे. म्हणून तर दत्तक हा राजकारणाचा विषय झाला. साताऱ्याच्या छत्रपतींनी मरणाच्या दारात घेतलेला दत्तक डलहौसीने 1848 मध्ये गादीसाठी नाकारला, पुढे झाशीचे तेच झाले. कोणाची मांडी मान्य करायची हे सत्ता ठरवते, हा धडा मराठी माणसाला इतिहासाच्या पुस्तकातच मिळालेला आहे.

विचार फिरला तो माझ्या मते पुण्यात, जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या घरी. फसवल्या गेलेल्या विधवांसाठी त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. तिथे आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी आपला केला. तोच यशवंत, पुढे डॉक्टर झालेला. गोत्र जुळवायचा प्रश्नच नव्हता, जात उलटी होती, आणि भटजीला घरात न घेणाऱ्या जोतीरावांना पिंडाशी काय करायचे होते? मुलाला घर हवे होते, त्यांनी दिले. एवढ्या एका कारणासाठी मूल घेणे ही त्या काळी केवढी नवी गोष्ट होती, हे यशवंत हे नाव आपल्या इतके ओळखीचे झाल्यामुळे लक्षात येत नाही.

कायद्याला तिथवर पोचायला वेळ लागला. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्याने मुलगी दत्तक घेता येऊ लागली, अविवाहित स्त्रीलाही दत्तकाचा हक्क मिळाला, दत्तहोम सक्तीचा राहिला नाही. मात्र नवरा हयात आणि धडधाकट असलेल्या बाईला स्वतःच्या नावे दत्तक घेण्यासाठी थेट 2010 ची दुरुस्ती यावी लागली. त्याच 1956 च्या कायद्याने असेही सांगितले की एक मूल एकाच वेळी दोन व्यक्तींनी दत्तक घ्यायचे नाही. द्व्यामुष्यायण तिथे संपला. 1984 मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाणाऱ्या मुलांसाठी नियम घालून दिले आणि मुलाचे हित मध्यावर आले. पुढे बालन्याय कायद्याने धर्माची अटही काढली. 'या घराला मूल हवे' इथून निघालेला विचार 'या मुलाला घर हवे' इथे येऊन पोचला होता.

मग 2023 आले. कलम 377 मधून समलिंगी संबंध वगळले जाऊन पाच वर्षे झाली होती. विवाहाच्या हक्काच्या याचिकांबरोबर दत्तकाचा प्रश्नही घटनापीठापुढे होता. 'कारा'चा नियम असा की जोडप्याला मूल द्यायचे तर त्यांचा किमान दोन वर्षांचा स्थिर वैवाहिक संसार हवा. 17 ऑक्टोबरला निकाल लागला. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल यांच्या मते ही अट घटनाबाह्य होती, न्या. भट, न्या. कोहली आणि न्या. नरसिंह यांनी ती टिकवली. तीन विरुद्ध दोन.

न्या. भट यांचा युक्तिवाद मी दोनदा वाचला, कारण तो उडवून लावण्यासारखा नाही. लग्न मोडले तर पोटगी, ताबा, वारसा यांचे कायदे मुलाच्या पाठीशी उभे राहतात. लग्नच नसेल तर जोडपे फुटल्यावर मुलाला आधार कशाचा? अविवाहित माणसे वाईट पालक असतात असे त्यांनी म्हटलेले नाही. माझी अडचण निराळी आहे. जोडपे मोडेल तेव्हाचा विचार या युक्तिवादात आहे, पण ते मोडले नाही आणि कागदावरची आई अपघातात गेली तर? घर तेच, शाळा तीच, आणि उरलेली आई कायद्याने परकी. आजवर मुलाला न भेटलेला मामाही ताब्यासाठी अर्ज घेऊन उभा राहू शकतो.

दक्षिण आफ्रिकेत हा पेच एका न्यायाधीशाच्याच घरात होता. ॲना-मारी द वोस उच्च न्यायालयात न्याय देत होत्या. त्या आणि त्यांची जोडीदार सुझान दु त्वा यांनी 1995 मध्ये एका बहीणभावाला मिळून दत्तक मागितले. लग्न झालेले नसल्यामुळे मुले एकट्या द वोस यांच्या नावे झाली. दिवसभर मुलांना सांभाळणाऱ्या सुझान कागदावर कोणीच नव्हत्या. 2002 मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने दोघींना पालक मानले, तेही तिथे समलिंगी विवाह कायदेशीर होण्याच्या चार वर्षे आधी. म्हणजे लग्नाचा प्रश्न सुटेपर्यंत मुलांना थांबवलेच पाहिजे असे नव्हते.

आपल्याकडे 2023 च्या निकालाविरुद्धच्या फेरविचार याचिका जानेवारी 2025 मध्ये फेटाळल्या गेल्या. कायदा बदलत नाही तोवर वकिलाचा सल्ला घ्यायचा आणि मृत्युपत्र करून ठेवायचे: माझ्यामागे मुलाची पालक हीच. अशा कागदाला किती वजन असते, हे वेळ आल्यावर कळते.

जोतीरावांनीही 1887 मध्ये मृत्युपत्र करून यशवंतला आपला वारस नेमले होते. तीन वर्षांनी ते गेले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे, म्हणजे पुढचे मडके, कोणी धरायचे यावरून भाऊबंद आडवे आले. मांडीवरच्या मुलाला तो हक्क नाही, म्हणाले. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या, त्यांनी टिटवे आपल्या हातात घेतले आणि चालू लागल्या.