मंदारच्या वड्या

अंधेरी पूर्वेला गुंदवलीत राहणाऱ्या मंदारला राजमाची किल्ल्याच्या चढापेक्षा मुक्कामाच्या चुलीची धास्ती जास्त. गेल्या पावसाळ्यात ओल्या लाकडांपायी सगळी टोळी अर्ध्याकच्च्या भातावर झोपली होती. "या वेळी बाटलीभर पेट्रोल घेऊ," टोळीतला समीर म्हणाला. लोकलमधून पेट्रोल नेणं हा रेल्वे कायदा १९८९च्या कलम १६४ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, असं मंदारने त्याला सुनावलं आणि स्वतः घरगुती पेटवणाच्या मागे लागला.

मरोळच्या एका सुताराने भुसा फुकट दिला, वर बजावलं, "प्लायवुडचा नेऊ नकोस, त्यात गोंद असतो. चुलीत घालायचाय ना? मग सागाचाच ने." दिवाळीपासून पडलेले मेणबत्त्यांचे तुकडे मंदारने पत्र्याच्या डब्यात घातले आणि डबा उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवला. मेण थेट गॅसवर ठेवायचं नसतं. फार तापलं तर त्याची वाफ भडकते. मग अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेचे ३० खळगे भुशाने भरून वर मेण ओतलं आणि गार झाल्यावर कात्रीने एकेक वडी सुटी केली. पुठ्ठ्याची कडा वातीचं काम करते. गच्चीवर पेटवून पाहिलेली वडी आठ-दहा मिनिटं जळली. त्यानंतर मंदारचा रुबाब काय विचारता!

कर्जतहून कोंदिवड्याच्या वाटेने, कोंढाणे लेणी मागे टाकत, मंडळी भिजून चिंब होऊन राजमाचीच्या उधेवाडी गावात पोचली. उतरले त्या घरी तिरक्या पावसाने पडवीतलं सरपण भिजवलं होतं. "मावशी, तुम्ही सरा," म्हणत मंदारने दोन जाड ओंडके चुलीत सारले आणि खाली वडी लावली. झकास जाळ झाला. ओंडक्यांच्या टोकांना फेस आला, चर्र आवाज झाला, वडी संपली आणि चूल थंड. दुसरी लावली, तिसरी लावली, तेच. सगळी ऊब लाकडातलं पाणी आटवण्यातच जात होती.

मावशी शांतपणे म्हणाल्या, "बाळा, तुजी वडी झ्याक पेटती. पन तिच्यामागनं कोन पेटनार?"

मंदारला राग आला, पण पोटात कावळे ओरडत होते. मावशींनी कोयत्याने ओंडका उभा फोडला. बाहेरून निथळत होता तरी आतला गाभा कोरडा निघाला. त्यातून आधी काडीएवढ्या, मग बोटाएवढ्या ढलप्या काढल्या, मधून वारा खेळेल अशा रचल्या. जाड लाकडं बाजूला वाळत ठेवली. मंदारची एक वडी मोडून अर्धीच आत सरकवली आणि फुंकणी हातात घेतली. थोड्या वेळात भाताला आधण आलं.

सकाळी निघताना मावशींनी उरलेल्या वड्या मागून घेतल्या. पहाटेच्या चहाला आता रॉकेल मिळत नाही, म्हणाल्या.

तुम्हीही वड्या जरूर करा, पण पिशवीत घरूनच वाळलेल्या बारीक काटक्याही भरा. आणि विस्तव करायचा तो गावातल्या चुलीतच. जंगलात, किल्ल्यावर नको.