आंतली झीज

इंग्लंडांतील ॲबिंग्डन गांवीं १९६२ पासून १९८० पर्यंत एम.जी.बी. नांवाची लहान, वेगवान मोटार तयार होत असे. ती तरुणपणीं घेऊन म्हातारपणापर्यंत जपणारे मालक आजही आहेत. गाडी बाहेरून चकचकीत असते. पण एके दिवशीं धुराच्या नळींतून निळा धूर निघूं लागतो आणि तेलाचा दाब उतरतो. मग काय करावें? रंगाचा नवा हात द्यावा काय? नव्हे! इंजिन उतरवून तें पुरतें उघडिलें पाहिजे.

त्याचे चार सिलिंडर बिडाच्या ठोकळ्यांत असतात. त्यांची झीज नुसत्या डोळ्यांस कळत नाहीं. ती इंचाच्या हजारांशांनीं मोजावी लागते. झीज फार असल्यास सिलिंडर कोरून रुंद करितात व मोठे पिस्टन घालितात. बेअरिंगच्या प्रत्येक झांकणावर खूण करितात, कारण तें आपल्याच जागीं बसलें पाहिजे. लोखंडाचा कीस तेलाच्या वाटेंत राहिला, तर महिन्यांचे श्रम व्यर्थ जातात.

नवा पिस्टन घालणें सोपें. जुनी झीज कबूल करणें कठीण. ‘एवढें चालेल,’ असें म्हणून न मोजतां इंजिन मिटणारा मालक स्वतःसच फसवितो. आम्हीही मनाची झीज मोजावयास भितों आणि वरचा रंग पुसत बसतों.

शेवटीं स्पार्क प्लग काढून इंजिन नुसतें फिरवितात. तेलाचा दाब चढला, म्हणजे मगच ठिणगी देतात. तर आम्हीही आधीं उघडूं, मोजूं, स्वच्छ करूं. आणि मग चालूं लागूं.