उंच गाडी आणि खालचा रस्ता

लहान, स्वस्त मोटारीचे सस्पेन्शन वाढवून ती दोन बोटे उंच करून घ्यावी की नाही, हा प्रश्न गॅरेजमधला आहे. त्याचा नीतीशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल. परंतु नैतिक प्रश्न नेहमीच भारदस्त वेषात समोर येतात असे नाही. पुष्कळदा ते तेलकट हातांनी, पान्याच्या आवाजात आपल्यापुढे उभे राहतात आणि आपण त्यांना ओळखत नाही.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. या तीन दशकांत असंख्य मध्यमवर्गीय कुटुंबांची पहिली मोटार तीच ठरली. अशी गाडी वजनाने हलकी आणि बेताच्या उंचीची असते. तीत चार-पाच माणसे आणि सामान बसले की स्प्रिंगा दबतात आणि गतिरोधकावर तिचे पोट घासते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि केवळ १० सेंटिमीटर उंच, म्हणजे कमानीसारखा सौम्य असावयास हवा. गल्लीबोळांत रातोरात उभे राहणारे डांबराचे उंचवटे मात्र कोणतेच मानक जाणत नाहीत. खड्ड्यांविषयी तर बोलावयासच नको.

मग गाडीमालक गॅरेजची वाट धरतो. स्प्रिंगेच्या वेटोळ्यांत रबरी बफर बसवणे, स्ट्रटवर स्पेसर घालणे, अधिक ताठ स्प्रिंगा लावणे किंवा मोठे टायर चढवणे हे त्यावरचे प्रचलित उपाय. खर्च फार नाही, काम झटपट होते आणि घरी परतताना गतिरोधकावर तो ओळखीचा खरखरीत आवाज येत नाही. समाधान मोठे असते.

परंतु उंची फुकट मिळत नाही. पुढच्या चाकांना शक्ती पोचवणाऱ्या ॲक्सलचे सांधे अधिक तिरक्या कोनात फिरू लागतात आणि लवकर झिजतात. चाकांची ठेवण बदलते, टायर एका बाजूने खाल्ले जातात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गुरुत्वमध्य वर सरकतो. समजा, दोन चाकांमधील अंतर १२०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ५०० मिलिमीटर आहे. अर्ध्या अंतराला उंचीने भागले की गाडीच्या स्थैर्याचे ढोबळ माप मिळते: १.२. गाडी ४० मिलिमीटर उचलली तर तेच माप १.११ वर येते. ही सुमारे सात टक्क्यांची घट रोज जाणवत नाही. अचानक समोर कोणी आले आणि चाक जोराने वळवावे लागले, तरच ती जाणवते. शिवाय पुढची बाजू मागच्यापेक्षा अधिक उचलली गेली, तर दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्या सायकलस्वाराच्या डोळ्यांत जातो. म्हणजे लाभ माझा, आणि धोक्याचा एक वाटा मात्र ज्याला कोणी विचारले नाही अशा परक्याचा.

कायद्याने याचे उत्तर दिलेले आहे. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. तरीही नैतिक प्रश्न तेथे संपत नाही. वृद्ध आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेणाऱ्या मुलाने रस्ता दुरुस्त होण्याची वाट पाहावी, असे कोणत्या तोंडाने सांगावे? त्याचा दोष शोधण्यापूर्वी, त्याच्यावर ही पाळी कोणी आणली हे विचारणे न्यायाचे होईल.

येथे फ्रान्समधील एक उदाहरण आठवते. सित्रोएन कंपनीचे पिएर बुलांजे यांनी शेतकऱ्यांसाठी स्वस्त मोटार योजताना अट घातली होती की, नांगरलेल्या शेतातून जातानाही टोपलीतले अंडे फुटता कामा नये. १९४८ साली लोकांपुढे आलेल्या त्या टू-सीव्ही गाडीला लवचीक, लांब हेलकावे सोसणारे सस्पेन्शन मिळाले. गरिबाच्या रस्त्याचा विचार कारखान्यातच झाला. त्याचा भार गरिबावर टाकला गेला नाही.

आपल्याकडे तो भार ज्याचा त्याने उचलावा असा रिवाज पडला आहे. अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात नायजेरियातील रेल्वेविषयी एक मार्मिक निरीक्षण नोंदवले. ट्रकची स्पर्धा आली तरी रेल्वे सुधारली नाही. कारण ज्यांच्या तक्रारीला वजन होते ते ग्राहकच ट्रककडे निघून गेले. उरले ते ज्यांचा आवाज पोचत नव्हता. उंच केलेल्या मोटारीचे नेमके हेच होते. ज्याची गाडी घासत नाही, त्याला खड्डा दिसेनासा होतो. मागे राहतात पादचारी, सायकलस्वार, रिक्षावाला आणि मागच्या सीटवर मूल घेऊन बसलेली स्कूटरवरची आई. त्यांना कोणताही स्पेसर लावता येत नाही.

घराच्या जोत्याचीही हीच कथा. प्रत्येक डांबरीकरणाबरोबर रस्ता वर येतो. ऐपत असलेला आपले जोते वाढवतो आणि पावसाचे पाणी शेजाऱ्याच्या ओसरीत शिरते. पाणी नाहीसे झालेले नसते. त्याने फक्त पत्ता बदललेला असतो.

याउलट उदाहरणही आहे. मुंबईतील खड्ड्यांविषयी २०१३ साली उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिले. त्यातून जनहित याचिका उभी राहिली, आणि सुस्थितीतील रस्ते हा घटनेच्या कलम २१ नुसार नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले. खड्डे अजून आहेत, हे खरे. पण ते पत्र एकाच्या चाकांखालच्या रस्त्यासाठी नव्हते, सर्वांच्या रस्त्यासाठी होते.

म्हणून स्वतःला वाचवणे हा अपराध नव्हे. ज्याची गरज खरोखरच थांबू शकत नाही, त्याने कायद्याच्या मर्यादेत राहून, जाणत्याच्या सल्ल्याने आपली सोय जरूर पाहावी. गाडीत ओझे कमी भरावे, दबलेल्या स्प्रिंगा मूळ मापाच्या नव्या बसवाव्यात. प्रश्न त्यानंतरचा आहे. आपली सोय झाल्यावर आपण गप्प बसतो की नाही? वाचकहो, ग्रामसभेत किंवा प्रभागाच्या कार्यालयात रस्त्याचा अर्ज घेऊन जाणाऱ्यांत, ज्यांची गाडी आता घासत नाही असे किती जण असतात, यावरून गावाची उंची मोजावी.