मागे बसलेल्याचे वल्हे

कायदा मनातील विचाराला शिक्षा करीत नाही. एखाद्याने दिवसभर शेजाऱ्याचे वाईट चिंतिले आणि सायंकाळी मुकाट्याने घरी जाऊन तो जेवला, तर कोणतेही न्यायालय त्यास जाब विचारू शकत नाही. आपल्या धर्मशास्त्राची दृष्टी याहून कठोर आहे. मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात मन, वाणी आणि देह ही कर्माची तीन उगमस्थाने सांगितली असून, दुसऱ्याचे अनिष्ट चिंतणे हे मानसिक पापांत गणले आहे. वकिलीत वीस वर्षे घालविलेल्या मला ही गणना काहीशी अन्यायाची वाटत असे. जे मनाबाहेर आलेच नाही, त्याने कोणाचे काय बिघडले? या प्रश्नाचे उत्तर मला मांडवीच्या पाण्यावर मिळाले.

गेल्या मार्गशीर्षात मी आणि माझा एक शिक्षक मित्र होडीने गांज्याहून पणजीस निघालो. आमचा स्नेह महाविद्यालयापासूनचा. प्रवास तीन दिवसांचा ठरविला होता. मांडवीत भरतीओहोटी थेट गांज्यापर्यंत जाणवते. म्हणून या नदीत वल्हविणाराने ओहोटीबरोबर निघावे आणि भरती लागली की काठाला थांबावे, हे शहाणपणाचे. वेळांचा तक्ता मित्राने खिशात ठेवला होता.

दोघांच्या होडीत पुढे बसणारा वल्ह्याची लय धरतो आणि मागे बसणारा दिशा राखतो. दोघांचीही तोंडे पुढे. त्यामुळे मागच्याला पुढचा सतत दिसतो, पुढच्याला मात्र मागचा मुळीच दिसत नाही. मी पुढे होतो.

पहिला दिवस सुखाचा गेला. रात्री वळवईस एका परिचितांकडे उतरलो. दुसऱ्या दिवशी मला उठावयास उशीर झाला, त्यात चहा लांबला आणि निघेपर्यंत ओहोटी सरत आली. मित्राने एकदा घड्याळ दाखविले. मी हसण्यावारी नेले. दुपारी आमोणे मागे पडल्यावर होडी एकाएकी जड झाली. काठची खारफुटी जागची हलेना. मी कान दिला, तर मागे वल्ह्याचा आवाज नाही! थोडा वेळ येई, पुन्हा बंद पडे. हा दमला असेल तर सांगत का नाही? की मी ओढतो आहे म्हणून हा स्वस्थ बसला आहे? पंचवीस वर्षांतील अशा साऱ्या गोष्टी मला आठवू लागल्या, ज्या एरवी कधी आठवल्या नसत्या. चहाची कोणती बिले मी दिली, तेही आठवले. मान वळवून पाहणे अगदी सोपे होते. मी वळलो नाही. नार्व्याला पोहोचेपर्यंत खटला चालला, पुरावा झाला, निकालही लागला. आणि आरोपीला त्याची गंधवार्ता नव्हती, असे मी समजत होतो.

त्या रात्री जेवणानंतर मित्राने आपल्या घरची एक गोष्ट काढली. वडिलोपार्जित कुळागर धाकटा भाऊ पाहतो. दोन वर्षे त्याने सुपारीचा हिशेब दिलेला नाही. "काय करू रे?" असे त्याने विचारले. मी तत्काळ उत्तरलो, "नोटीस पाठव. हिशेब न देणारा माणूस काहीतरी लपवीतच असतो." तो काही बोलला नाही.

पहाटे श्रीसप्तकोटेश्वराचे दर्शन घेतले. हा देव मूळचा पलीकडील दिवाडी बेटावरचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तेथील देवालय मोडले, तेव्हा भक्तांनी देवाला नदीपलीकडे नार्व्यास आणले. 1668 साली शिवछत्रपतींनी येथील देवालयाचा जीर्णोद्धार केला. देवाला घेऊन पाणी ओलांडताना कोणी किती वल्हे मारली, याचा हिशेब कोणी ठेवला नाही, हा विचार मनात येऊन मी किंचित ओशाळलो.

धक्क्यावर एक तारी उभा होता. तो म्हणाला, "काल भरतेंत तुमी उदकाकडेन कित्याक झुजताले?" मी मित्राकडे पाहिले. तो नुसता हसला.

त्या दिवशी आम्ही जागा बदलल्या. मी मागे बसलो. दिवाडी आणि चोडण यांच्यामधून जाताना एका बाजूने प्रवाह, दुसऱ्या बाजूने वारा. होडीचे तोंड फिरू लागले. ते सरळ ठेवण्यासाठी वल्हे पाण्यात तिरके धरून दोन्ही हातांनी दाबून ठेवावे लागे. आवाज होत नसे. खांद्याला मात्र कळ लागे. काल मागून आवाज का येत नव्हता, ते तेव्हा समजले. आज मित्रालाही माझ्या वल्ह्याचा आवाज येत नव्हता. पण त्याची लय ढळली नाही.

दुसऱ्या पक्षाचे ऐकल्यावाचून निर्णय देऊ नये, हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व मी न्यायाधीशांना अनेकदा ऐकविले आहे. स्वतःच्या मनाच्या न्यायालयात मात्र मी ते पाळले नाही. आणि मनातले मनातच राहिले असेही नाही. संशयाने कलुषित झालेल्या त्याच मनाने रात्री सल्ला दिला आणि एका भावाला दुसऱ्याविरुद्ध उभे करू पाहिले. अनिष्टचिंतनाला पाप का म्हटले, ते येथे उलगडते. एकदा एकतर्फी निकाल देण्याची चटक लागलेले मन पुढचाही निकाल तसाच देते, आणि तो भलत्याच माणसावर.

याचा अर्थ मित्राने मित्राला किंवा भावाने भावाला हिशेब विचारू नये, असा नाही. विचारणे म्हणजे संशय नव्हे. न विचारता ठरविणे हा संशय. मी मान वळवून "काय रे, दमलास का?" एवढे विचारले असते, तर दोन शब्दांत सारे मिटले असते.

रायबंदरपाशी मी त्याला सर्व सांगितले. नोटिशीचा सल्लाही परत घेतला. तो म्हणाला, "वकीलसाहेब, काल दुपारभर मला तुझी पाठ दिसत होती. पाठही बोलते. भावाकडे मी उद्या स्वतःच जाणार आहे."

मग तो पुढे वळला आणि त्याने वल्हे उचलले.