मनश्शेची ५५ वर्षे

बायबलमधला इतिहास खरा की खोटा, या वादात आवाज मोठा असतो आणि वाचन थोडे. प्रत्येक ओळ अक्षरशः खरी मानणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. पुराव्याची गरज त्यांनी आधीच निकालात काढलेली असते. दुसरी बाजू अधिक प्रतिष्ठित आहे, म्हणून तिची दखल घ्यावी लागते. तिच्या मते बायबलमधले ‘राजे’ हे ग्रंथ म्हणजे यरुशलेममधल्या एका धर्मपक्षाचा प्रचार आणि त्यांनी बदनाम केलेले राजेच खरे कर्तबगार. या मताचा लाडका राजा म्हणजे यहूदा राज्याचा मनश्शे.

वरवर पाहता ही बाजू भक्कम आहे. मनश्शेचा बाप हिज्कीया याने अश्शूरविरुद्ध बंड केले. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब चालून आला, यहूदातले लाखीश नगर उद्ध्वस्त झाले आणि ४६ तटबंदीची नगरे घेतल्याचे त्याने कोरून ठेवले. मनश्शे मात्र अश्शूरचा मांडलिक म्हणून निमूट राहिला. अश्शूरी राजा एसर-हद्दोनच्या निनवेतील राजवाड्यासाठी लाकूड-दगड पोचवणाऱ्या २२ राजांच्या यादीत त्याचे नाव आहे. पुढे सातव्या शतकात बैर-शेबाच्या खोऱ्यात वस्ती वाढली. इस्रायल फिंकेलस्टाइन यांच्यासारखे पुरातत्त्वज्ञ त्या सावरण्याचे श्रेय मनश्शेच्या कारकिर्दीला देतात.

यावर पहिली हरकत अशी की, त्या शतकातले थर इतके नेमके सांगत नाहीत, की आजोबा मनश्शे आणि नातू योशीया यांच्या वस्त्या ठामपणे वेगळ्या काढता याव्यात. पण हे श्रेय मान्य केले, तरी मूळ आरोपाला उत्तर मिळत नाही. मनश्शेने देश दरिद्री केला, असे ग्रंथ म्हणतच नाही. मंदिरात मूर्ती बसवली आणि यरुशलेम निरपराधांच्या रक्ताने भरले, असे म्हणतो. हा आरोप खोटा असू शकेल. पण व्यापाराची भरभराट दाखवून तो खोडला जात नाही.

आणि ज्या ५५ वर्षांच्या स्थैर्याचे एवढे कौतुक होते, ती आपल्याला कुठून कळली? याच ‘प्रचारकी’ ग्रंथातून. लेखकाच्या धर्मविचारात निष्ठावंताला दीर्घायुष्य आणि भ्रष्टाला नाश ठरलेला. तरीही यहूदाची सर्वांत दीर्घ कारकीर्द त्याने सर्वांत पापी राजाच्या नावे नोंदवली आणि ज्याच्यासारखा राजा झाला नाही असे तो म्हणतो, तो योशीया मगिद्दो येथे फारो नखोच्या हातून ऐन उमेदीत मारला गेला, हेही लिहिले. ‘इतिहास’ हा नंतरचा ग्रंथ मात्र दोन्ही गाठी सोडवतो: मनश्शे बाबेलात कैद होऊन पश्चात्ताप करतो, योशीया नखोच्या तोंडून आलेला देवाचा इशारा धुडकावतो. कैदेत तथ्य असेलही, पण उपलब्ध अश्शूरी लेखांत तिचा उल्लेख नाही.

‘राजे’चा लेखक तटस्थ आहे, असे मी म्हणत नाही. अश्शूरच्या दडपणाबद्दल तो या प्रकरणात चकार शब्द काढत नाही, हे खटकते. पुढे बाबेलच्या हातून झालेल्या यहूदाच्या विनाशाचे खापर त्याने मनश्शेवर फोडले, तेही अन्यायाचे. बाबेलविरुद्ध फसलेली बंडे यहोयाकीम आणि सिद्कीया या नंतरच्या राजांची होती. पण पक्षपाती न्यायाधीश आणि प्रचारक यांत फरक आहे. प्रचारक आपल्या सिद्धांतावर उलटणारा पुरावा शिल्लक ठेवत नाही. हा लेखक चुकीचा निकाल देतो, पण अपिलाला पुरेल एवढा पुरावा दप्तरात राहू देतो. मनश्शेची आजची वकिली त्याच पुराव्यावर उभी आहे. तो राखणाऱ्याला प्रचारक म्हणणे हा आळशी वाचनाचा निकाल आहे.